मारुतीच्या हवाली केलेल्या चपला

दिवाळीच्या तोंडावर मी उजव्या हाताला प्लास्टर घालून माहेरी आले. केडगावात भाजी घेऊन घरी येताना स्कूटर घसरली आणि मनगट मोडलं. नवरा म्हणाला, इथं तुझं करणार कोण, जा आईकडे. त्याच्या आवाजात काळजी किती होती आणि सुटका किती, ते मी विचारलं नाही. सुप्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. दारात वडिलांच्या चपला दिसल्या नाहीत, म्हणून वाटलं ते मळ्यात गेले असतील. तर ते घरातच होते. पलंगावर बसून, एक पाय मांडीवर उलटा धरून, चष्मा कपाळावर चढवून स्वतःचा तळवा न्याहाळत होते.

चपला कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मारुतीच्या हवाली केल्या."

मी पदवीधर झाले तेव्हाही त्यांनी इतक्या अभिमानानं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. विधानसभेची निवडणूक लागली होती. आमच्या मतदारसंघात दोन उमेदवार असे उभे होते की त्यांच्यातला फरक त्यांच्या बायकांनाच सांगता आला असता. दोघं एकाच पक्षात वाढलेले. दोघांच्या कपाळाला टिळा, खांद्यावर भगवं उपरणं, तोंडात धर्म, संस्कृती, गाय आणि जुन्या चालीरीती. एकाला तिकीट मिळालं. दुसऱ्याला मिळालं नाही, म्हणून तो अपक्ष उभा राहिला. दोघंही गावोगावच्या देवळांना सभामंडप बांधून देणार होते आणि आमच्या गावच्या रस्त्याबद्दल दोघंही गप्प होते. वडील तिकीटवाल्याचे. माझा सख्खा मामा अपक्षाचा. वडिलांचं म्हणणं, आपला तो आतून धार्मिक आहे, त्यांचा तो नुसता देखाव्याचा. मामाचं म्हणणंही अक्षरशः हेच, फक्त माणसं उलटी.

तिकीट जाहीर झालं त्या दिवशी मारुतीच्या पारावर दोघांची जुंपली. बोलाबोली वाढत गेली आणि वडिलांनी भर पारावर चपला काढल्या. लोकांना वाटलं आता मारामारी होते. पण ते चपला घेऊन थेट देवळात गेले आणि मारुतीसमोर म्हणाले की, आपला माणूस आमदार झाल्याशिवाय पायात चपला घालणार नाही. ते बाहेर येतात न येतात तोच मामाही आत शिरला. त्यानंही चपला काढल्या, त्याच मारुतीला तोच शब्द दिला, फक्त उमेदवार आपला धरून. देवळाची पूजाअर्चा करणाऱ्या गुरवानं दोन्ही जोड उचलून कोनाड्यात ठेवले, नाहीतर कुत्र्यांनी नेले असते. वडिलांचा जोड दिवाळीसाठी घेतलेला, कोरा करकरीत. मामाचा जुना, अंगठ्याला दोनदा शिवलेला. ह्याचा वडिलांना पुढे बरेच दिवस त्रास झाला. देवाला टाकाऊ माल दिला की मग तसाच निकाल लागतो, असं ते म्हणत.

आता आमच्याकडची जमीन काही अनवाणी फिरायची नाही. बांधाला बाभळी, वाटेत सराटे, आणि पाऊस संपला की गवताची कुसळं. त्यात दोघांनी प्रचारही अंगावर घेतलेला, म्हणजे रोज वाडीवस्तीवरून पायपीट. वडिलांनी हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी सोडून उठली. फडताळातून सुयांची डबी काढली, बिब्बे आहेत का ते पाहिलं आणि परत भाकऱ्या थापायला बसली. काटा काढण्यात आईचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नाही. सुईनं कातडी उचकटते, काटा वर आणते, चिमट्यानं ओढते आणि वर गरम गुळाचा नाहीतर बिब्ब्याचा चटका देते. चटका बसला की भलाभला माणूस आईच्या नावानं ओरडतो.

मामीला मात्र ह्या नवसाचं काडीचंही कौतुक नव्हतं. मामानं घरी जाऊन तिच्यासमोर पाय केला, तेव्हा ती म्हणाली, "ज्याच्यासाठी चपला काढल्या, त्याच्याकडून काटा काढून घ्या." आणि म्हशीचं दूध काढायला निघून गेली. मामीला मी तेव्हापासून मानते.

मामाचं घर ओढ्यापलीकडे. आमच्या ओट्यावरून त्याचा गोठा दिसतो, म्हैस ओरडली की आईला कळतं धार उशिरा निघाली. मामा आईपेक्षा लहान. लहानपणी तिनंच त्याला कडेवर वागवलेला. पण मामा आमच्याकडे यायचा तो भाऊबीजेला, किंवा मग कुणाच्या दहाव्याला जाताना वाटेत. एरवी बांधावरून हात करायचा आणि पुढे जायचा. त्याला कामं असत, आईलाही असत. ह्यात कुणाला काही वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही, कारण आईनं कधी बोलून दाखवलं नाही.

त्या भाऊबीजेला मामा लंगडत आला. वडील त्याला पाहून ओट्याच्या टोकाला जाऊन बसले आणि ओढ्याकडे असे बघायला लागले जणू तिथून उमेदवार येणार होता. आईनं पाट मांडला, मामाला ओवाळलं, आणि तबक खाली ठेवायच्या आधीच त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता. दोन दिवस त्यानं तो तसाच घेऊन प्रचार केला होता. काटा निघाला, बिब्ब्याचा चटका बसला, मामा ओरडला, आणि ओट्यावरून वडिलांच्या खोकण्याचा आवाज आला. ते हसू दाबत होते हे सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामा परत आला. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं.

आमच्या ओट्यावर संध्याकाळी जे काही चालायचं, ते पाहून मला हाताच्या दुखण्याचा विसर पडायचा. एका टोकाला वडील, दुसऱ्या टोकाला मामा, दोघं एकमेकांकडे पाठ करून. मधे आई, पुढ्यात सुयांची डबी. मी डाव्या हातात मोबाईल धरून उजेड पाडायची. मला दुसरं काही करता येत नव्हतं. पहिला पाय कुणाचा, ह्यावरून आधी वाद. वडील म्हणत घर माझं आहे. मामा म्हणे पाहुण्याचा मान पहिला. आईनं एक दिवस ह्यांचा, एक दिवस त्याचा असा निवाडा केला, पण त्या दोघांना आदल्या दिवशी पाळी कुणाची होती हे कधीच आठवायचं नाही. एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून बोलणं आईमार्फत व्हायचं.

"आक्का, दाजींला सांग, त्यांच्या मानसाच्या सभेला निम्म्या खुर्च्या मोकळ्या हुत्या."

"पाव्हन्यांला सांग, त्यांच्या मानसाला तर खुर्च्याच भेटल्या न्हाईत."

आई कुणालाच काही सांगायची नाही. दोघंही हाताच्या अंतरावर बसलेले, ऐकू येतंच होतं. माझ्यावरही आरोप झाले. मामाच्या पायावर मी उजेड जास्त वेळ पाडते आणि वडिलांच्या पायावर हात हलवते, असं वडिलांचं मत पडलं. मामाला वाटायचं, वडिलांच्या वेळी मी उजेड वाढवते. मी वैतागून म्हटलं, मी मोबाईल बंद करते, तुम्ही एकमेकांचे काटे चाचपून काढा. मग दोघांनीही मुकाट पाय पुढे केले.

अशात निशाण्या वाटल्या गेल्या. तिकीटवाल्याची पक्षाची निशाणी ठरलेलीच होती. अपक्षाला कुठली मिळते ह्याची उत्सुकता. मामा ओट्यावर पाय पुढे करून बसला होता, आईची सुई आत होती, आणि त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, "व्हय का" म्हणाला, आणि फोन खाली ठेवला. नुसता आपल्या पायाकडे बघत राहिला. शेवटी आईनं विचारलं, काय मिळालं?

मामा म्हणाला, "चप्पल."

वडिलांनी इतके दिवस ओढ्याकडे केलेलं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा इकडे फिरलं. ते हसले, हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायले, परत हसले. आईही हसली, पण खाली मान घालून, आणि सुई मात्र हलू दिली नाही. मी तर मोबाईल पाडला. ह्या सगळ्यात मामा एकटाच गंभीर होता. त्याच्या उमेदवाराची निशाणी चप्पल, आणि तो निवडून येईपर्यंत चप्पल घालायची नाही असा मारुतीला दिलेला शब्द. दोन्हीतलं एकही सोडायची त्याची तयारी नव्हती.

मग मामानं तोड काढली. सुप्याच्या बाजारातून नवा जोड आणला आणि तो हातात घेऊन प्रचार सुरू केला. दारोदार जायचं, हातातली चप्पल उंच करून दाखवायची, आणि अनवाणी पुढच्या दाराकडे जायचं. म्हाताऱ्या बाया त्याला विचारायच्या, अरे, मग घाल की ती. तो नवसाची गोष्ट सांगायचा. म्हाताऱ्या गहिवरायच्या. एकीनं तर त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्याचा उमेदवार वस्तीवर आला तेव्हा आधी भडकला. त्याला वाटलं, हा आपल्या निशाणीचा अपमान करायला विरोधकांनी पेरलेला माणूस आहे. खरी गोष्ट कळल्यावर त्यानं मामाच्या पायांना हात लावून फोटो काढून घेतला. त्या हाताला सराटा टोचला. फोटोत उमेदवाराचा चेहरा भक्तीनं वेडावाकडा झालेला दिसतो, तो त्यामुळे.

तिकीटवाल्यांकडे वेगळाच घोळ. त्यांच्या कुणीतरी पुढाऱ्यानं फर्मान काढलं की, सभेला चप्पल घालून यायचं नाही, तो विरोधकांचा प्रचार होतो. बूट घाला. आता गावात बूट किती जणांकडे असणार? एकजण पावसाळ्यातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आला आणि उन्हात पाय शिजवत बसला. एकजण नातवाचे शाळेचे बूट टाचा चिरडून घालून आला. वडील अनवाणी. पायात काहीच नसलेला हा एकच निष्ठावंत म्हणून त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली आणि हारही पडला. संध्याकाळी तो हार गळ्यात घालूनच ते पाय दाखवायला बसले. आईनं तो काढून गाईला घातला.

मतदानाच्या दिवशी वडील शाळेच्या फाटकाशी उभे राहून चपला घालून आलेल्यांना अडवायला लागले. मतदान केंद्रात निशाणी आणायची नसते, असा त्यांचा मुद्दा. फाटकावरच्या पोलिसानं त्यांना शांतपणे विचारलं, बाबा, मग सगळ्या गावानं चपला कुठं ठेवायच्या? वडील म्हणाले, मारुतीच्या देवळात, आमी ठेवल्यात. पोलिसानं त्यांना खांद्याला धरून आत नेलं आणि मत द्यायला लावलं. आईनं मत कुणाला दिलं हे दोघांनीही तिला परोपरीनं विचारलं. ती म्हणाली, ज्याला द्यायचं त्याला दिलं. त्या दिवशी संध्याकाळी दोघांनाही चटका जरा जोरात बसला.

निकालाच्या दिवशी सकाळपासून आमच्या ओट्यावर दोन मोबाईल, दोन टोकांना. गुलालाच्या पिशव्या दोघांनी आणून ठेवलेल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. दोघांचेही चेहरे उतरत गेले. वडिलांचा माणूस पडला, तर मामा का हसत नाही, हे मला आधी कळेना. मग कळलं. मतं दोघांत फुटली आणि तिसराच निवडून आला. ह्या तिसऱ्याचं नाव आमच्या ओट्यावर इतक्या दिवसांत कुणी काढलं नव्हतं. तो गावात एकदाच आला होता, आमच्याच दारात पाणी पिऊन गेला होता, आणि तेव्हा हे दोघं त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

बऱ्याच वेळानं वडील वळून मामाशी थेट बोलले. दिवाळीच्या आधीपासूनचं ते पहिलं बोलणं.

"पाव्हनं, आता?"

"दाजी, पाच वर्सं," मामा म्हणाला.

दोघांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. मग उठले आणि बरोबरच देवळात गेले. गुरवाला म्हणाले, नारळ फोडतो, पाच सवाष्णी जेवू घालतो, काय लागेल ते करतो, पण शब्दातून मोकळं कर. गुरव वयानं त्यांच्याच बरोबरीचा, पारावर दोघांचं भांडण त्यानं पहिल्या दिवसापासून ऐकलेलं. तो म्हणाला की, मारुतीला तुमच्या चपलांचं काही नाही, कोनाडा मोकळा झाला तर त्यालाही बरं. पण नवस तुम्ही बोललात आणि सोसला दुसऱ्याच कुणी. जिनं तुमचे काटे काढले तिनं मोकळं केलं, तर मोकळे झालात. आता गुरवाला हे शास्त्र कुठून सापडलं, देव जाणे. मला वाटतं, त्याला दोघांची गंमत करायची होती.

दोघं हसत घरी आले. त्यांना वाटलं, आई हो म्हणेल आणि संध्याकाळी चपला पायात. आई म्हणाली, "बघू." आणि सुयांची डबी उघडली.

तिनं त्या दिवशी मोकळं केलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटत आला. निवडणुकीत मतदारांची जितकी मनधरणी झाली नसेल, तितकी त्या दोघांनी आईची केली. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट स्वतः उचललं. मामा रोज काहीतरी घेऊन यायचा, कधी मेथीची जुडी, कधी कवठ, एकदा खरवस. मामीनंही ओढ्यापलीकडून आवाज दिला की, सोडा त्यांना वन्सं, घरात नुसते कण्हत फिरतात. आई सगळं घ्यायची, बघू म्हणायची, आणि संध्याकाळी दोन्ही पाय आळीपाळीनं मांडीवर घ्यायची.

मला तिचा राग यायला लागला. थंडी पडायला लागली होती. वडिलांच्या टाचेला भेग पडून तिच्यातून रक्त येत होतं. एका संध्याकाळी दोघं उठून गेल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, आई, पुरे झाली गंमत, बापाच्या पायाची चाळण झाली, सोडून टाक त्यांना.

आई बिब्बा पुसत होती. म्हणाली, "सोडते की. पन सोडलं तर त्यो यील का?"

मला पटकन कळलं नाही. मी म्हटलं, कोण?

"भाऊ."

एवढंच बोलून ती डबी ठेवायला आत गेली. मी ओट्यावर बसून राहिले. ओढ्यापलीकडे मामाच्या गोठ्यातला दिवा दिसत होता. इतका जवळ की हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझं रडू मला आवरेना आणि डोळे पुसायला धड हातही मोकळा नव्हता, डाव्यात मोबाईल तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघं येऊन बसले. आईनं आधी वडिलांचा पाय घेतला, मग मामाचा. काम संपल्यावर डबी मिटली आणि म्हणाली, उद्या देवळातून चपला आणा. दोघांच्याही तोंडावर हसू फुटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"भाऊ, तुला एक हाय. तुझ्या चपला रोज ह्या टायमाला माझ्या दारात निघाल्या पायजेत."

मामा गोंधळला. म्हणाला, "एवढंच व्हय, आक्का?"

"एवढंच," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी तुला काटा मोडायची गरज न्हाई."

मामानं पाय खाली घेतला.  मग उगीचच खांद्यावरच्या भगव्या उपरण्यानं तोंड पुसत राहिला. वडिलांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्याची खोड काढायची संधी सोडली.

सकाळी चपला आणायचा सोहळा झाला. कोनाड्यात दिव्याचं तेल सांडून दोन्ही जोड सारखेच काळे पडले होते आणि दोघांच्या पायांना चपलांची सवय उरली नव्हती. वडील मामाच्या शिवलेल्या चपला घालून घरी आले आणि मामा वडिलांच्या कोऱ्या चपला घालून ओढा ओलांडून गेला. दुपारपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर वडील म्हणाले, बघा, हेच त्यांचं धोरण, दुसऱ्याचं पळवायचं. मामाचं म्हणणं पडलं की, जुनं गळ्यात मारायची सवय तिकीटवाल्यांचीच. त्यावरून परत दोन दिवस अबोला झाला. आता जिल्हा परिषदेचं वारं सुरू आहे आणि पारावर दोघं तावातावानं बोलतात, पण चपला घट्ट पायात ठेवून.

माझं प्लास्टर निघालं तशी मी केडगावला परतायची तयारी केली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मामा आला. दारात चपला काढल्या, ओट्यावर आपल्या टोकाला बसला, वडिलांना काहीतरी टोचून बोलला आणि बोलता बोलता सवयीनं पाय लांब केला. आईनं तो मांडीवर घेतला. तळवा स्वच्छ होता, जुने डाग तेवढे उरलेले. तिनं चष्मा लावला, डबीतून सुई काढली आणि मला म्हणाली, उजेड दाखव.

मी म्हटलं, आई, काटा नाहीये.

"तू धर," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी मोबाईल धरला.